कॉट बेसिस

शंभर फुटीवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत
माझ्या फाटकाला पत्र्याची पाटी आहे:
मुलांसाठी खोल्या. कॉट बेसिस.
त्याखाली महापुरानंतर रंगवून घेतलेली ओळ:
इथवर पाणी येत नाही.

बावीस वर्षं मी खोल्या दाखवते.
जत, आटपाडी, कवठेमहांकाळहून आलेल्या आयांना
जिन्यात पुढं घालून
एकच पाठ म्हणते:
गिझर सहा ते आठ, फाटक रात्री दहाला बंद,
भिंतीला खिळा ठोकायचा नाही,
डिपॉझिट मे महिन्यात, रंग बघून.

आज जेवणाच्या टेबलावर सन्मती
मला खोल्या दाखवतेय.
गावाचं नाव डंडी.
यांनी दोनदा विचारलं, दांडी?
कपडे वाळत घालायची?
ती हसली नाही. तिला शुक्रवारच्या आत पैसे भरायचेत.

पहिल्या खोलीचं भाडं आठवड्याचं.
यांनी कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार केला,
हातचा विसरले, परत केला,
मग पेनाला टोपण लावून
पेन खिशात ठेवलं.

दुसरीत सहाजणांत एक स्वयंपाकघर,
फ्रिजचा मधला कप्पा आपला.
वरच्या कप्प्यात कुणाचं काय असेल
ते मी विचारलं नाही, तीही बोलली नाही.
मग म्हणाली, आई, डिसेंबरात तिथं
साडेतीनलाच सूर्य मावळतो.
म्हणजे दिवसाउजेडी जेवायचं तर
तास चालू असताना डबा उघडायचा,
आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत सूट!
आम्ही तिघंही पोट धरून हसलो.
यांना तर ठसकाच लागला.

तिसरीला आठवड्याला बारा पौंड जास्त.
का गं?
खिडकीतून नदी दिसते.

नदी दिसते म्हणून जास्त.
माडीवरून नदी दिसायची ते गावभागातलं घर
आम्ही मिळेल त्या किमतीला दिलं.
हे पुढं झुकले, चष्मा कपाळावर:
तिथं पुलाखाली किती फुटाला इशारा देतात?
मजला कितवा?
चौथा, अण्णा.
मग हरकत नाही. तरी कागदपत्रं माळ्यावरच ठेव.
तिथं माळा नसतो, अण्णा.
हे गप्प झाले. माळा नसलेलं घर
त्यांना बहुधा डोळ्यांसमोर येईना.

मी म्हटलं, फोटो मोठा कर.
पांढरी गादी, कुंडीत रोप, उशाशी
कुणीच न वाचलेलं पुस्तक.
अजून मोठा कर. अजून.
काय शोधतेयस, आई?
दिव्याचं बटण.

बिरुदेवची आई आटपाडीहून आली होती,
डोक्यावर सुतळीनं बांधलेली गादी.
गिझर, फाटक, डिपॉझिट, सगळं उभ्यानं ऐकलं
आणि एवढंच विचारलं:
पोरगं झोपंत दचकून उठतंय, बाई,
बटान हाताशी हाय न्हवं?
नव्हतं. दाराजवळ होतं.
मी म्हटलं, अहो, इंजिनिअर व्हायला आलाय तो.
जिन्यातली पोरं हसली.
मीही.

सन्मतीनं टाईप करून विचारलं त्यांना.
तीन मिनिटांत उत्तर आलं:
प्रश्नाबद्दल आभार, संबंधित विभागाला कळवतो.
माझ्यापेक्षा बरं बोलतात.

सकाळी वायरमन मोमीनला बोलावलं.
चार नंबरची खोली, बटण पलंगाशी घ्यायचं.
पोरानं मागितलं काय?
बिरुदेव पास होऊन सहा वर्षं झाली,
त्या कॉटवर आता जतचा एकजण
उन्हं अंगावर आली तरी घोरत असतो.
मी म्हटलं, हो.

मोमीननं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढली,
रंग जाणार बघा, काकी, म्हणाला.
जाऊ दे.

खालून यांचा आवाज:
मग मे महिन्यात डिपॉझिट कुणाचं कापायचं?